मदत हवी आहे: गिटारच्या कंट्रोल प्लेटवरच्या निकेलचे पोपडे निघतात

टेलिकॅस्टर घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी कंट्रोल प्लेट (आवाजाच्या नॉब आणि स्विच बसतात ती पट्टी) घरी करतोय. माइल्ड स्टीलचा १.२ मि.मी. पत्रा, माप १६० बाय ३२. आधी भोकं पाडली, मग ३ मि.मी.च्या लेटर पंचने अक्षरं ठोकली, ८०० च्या पेपरने घासून बफ मारला.

बाथ (वीज सोडून निकेलचा थर चढवायचं द्रावण): डिस्टिल्ड पाणी २ लिटर, निकेल सल्फेट ५०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ९० ग्रॅम, बोरिक ॲसिड ७० ग्रॅम. पीएच ४. तापमान घरातलंच, ३० च्या आसपास. निकेलची पट्टी एकाच बाजूला. ४ अँपिअर, २० मिनिटं. दहाव्या मिनिटाला प्लेट बाहेर काढून पाहिली, पुसली, परत सोडली.

कोपरे काळे आणि खरखरीत झालेत, स्क्रू आवळताना भोकांजवळ पोपडे उडतात, अक्षरांच्या खाचांत निकेल धरलेलंच नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

पोपडा निघाला तिथे मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब टाका. लगेच तांबूस डाग पडला तर खाली उघडं लोखंड आहे, म्हणजे धुण्यात कसर राहिली. डाग पडला नाही तर खाली निकेलच आहे, निकेलवरून निकेल सुटतंय.

धागाकर्ता

टाकून पाहिला. पांढराच राहिला.

प्रतिसाद १

मग दोष त्या दहाव्या मिनिटाचा. निकेलला हवा लागली की त्यावर न दिसणारा पापुद्रा धरतो आणि पुढचा थर त्याला चिकटत नाही. एकदा आत गेलेली प्लेट वेळ संपेपर्यंत बाहेर काढायची नाही. सोडतानाही करंट आधी चालू, मग प्लेट पाण्यात.

बाथचं प्रमाण उत्तम आहे. तुमच्या प्लेटचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ जवळपास १०० चौ. सें.मी. भरतं. तेवढ्याला ४ अँपिअर चालतील, पण ५५ अंशांवर आणि पाणी ढवळत असताना. थंड, स्थिर पाण्यात कडा जळणारच. ५० ते ५५ अंश, २ अँपिअर, ३० मिनिटं ठेवा, साधारण १२ मायक्रॉनचा थर बसेल. पट्ट्या दोन्ही बाजूंना हव्यात, निकेलच्याच. स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातलं क्रोमियम बाथमध्ये उतरतं.

ही प्लेट मात्र वाचणार नाही. घासून लोखंडापर्यंत न्या आणि नव्याने सुरुवात करा.

प्रतिसाद २

अक्षरांचं कारण वेगळं. बफचा मसाला मेणचट असतो आणि खाचेत घट्ट बसतो. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने एकेक अक्षर घासा. मग स्वच्छ पाण्याखाली धरा. पाण्याचा सलग पडदा राहिला पाहिजे. कुठेही फाटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा आहे, परत घासा. त्यानंतर १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये अर्धा मिनिट, धुवा आणि ओली असतानाच बाथमध्ये. वाळू दिली तर गंज धरतो. खोल खाचेत करंट कमीच पोचतो, म्हणून पंच हलका मारा.

क्रमही बदला: आधी अक्षरं, मग भोकं. ठोकल्याने पत्रा ताणतो, मागून फुगतो आणि भोकांची मापं सरकतात. जाड लोखंडी ठोकळ्यावर ठेवून एकाच घावात अक्षर उठवा. दुसऱ्या घावाला पंच हमखास हलतो. अक्षराभोवती उठलेली कड सपाट घासायला विसरू नका, तिथेच निकेल जळतं.

पुढची प्लेट पितळेची करा असं सुचवेन. १२ मायक्रॉनमधूनही सूक्ष्म छिद्रांतून लोखंड गंजतं, आणि हाताचा घाम इथे रोजचाच.

प्रतिसाद १

निकेलचे क्षार कातडीला ॲलर्जी आणतात आणि त्यांची वाफ-तुषार फुप्फुसांना घातक. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, स्वयंपाकाचं एकही भांडं नाही. बाथ टिकतो, गाळून झाकून ठेवा. टाकायची वेळ आली तर मोरीत ओतू नका, सांडपाणी प्रक्रिया असलेल्या प्लेटिंगवाल्याकडे द्या.

आणि प्लेटच्या आतल्या बाजूला लॅकर मारू नका. पॉटचं (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरचं) अर्थिंग तिथूनच मिळतं. लॅकर आला की प्लेटला हात लावल्यावर गुंजारव सुरू होईल.