अनुभव धागा: आसानचं ह्यॉनचुंगसा आणि तळ्याकाठची फेरी

रानवारा:
कपाट आवरताना शंभर वॉनचं नाणं सापडलं. त्यावर जपानी आरमाराशी लढलेले कोरियाचे सेनापती यी सुन-शिन. झालं, आवरणं राहिलं बाजूला! नवऱ्याची नोकरी दक्षिण कोरियातल्या आसानला होती, त्यामुळे आल्यागेल्याला ह्यॉनचुंगसा दाखवायचं काम माझ्याकडे. १७०६ सालचं त्यांचं स्मारक, १८६८ला राजदरबारानेच बंद पाडलेलं, १९३२ला लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभारलेलं. वर तसबिरीसमोर सगळे वाकून नमस्कार करतात. मला मात्र खालचं त्यांचं जुनं घर आवडायचं, शेजारचे म्हातारे गिंको वृक्षसुद्धा. कोण कोण गेलंय? लिहा.

चकली:
नोव्हेंबरात गेलेलो. गोकग्योचन नदीच्या काठचा गिंकोचा रस्ता पिवळाजर्द, फोटो झकास. पण ती फळं पायाखाली आली की जो वास सुटतो ना… बूट गॅलरीत ठेवले होते.

अलिबागवाला:
म्यॉन्गन्यांगची लढाई, १५९७! यी सुन-शिन यांची १३ जहाजं, समोर जपान्यांची १३३. सामुद्रधुनीतला भरती-ओहोटीची ओढ बरोबर हेरली. खांदेरीलाही १६७९ला मराठ्यांच्या लहान होड्या इंग्रजांना चकवून रसद पोचवत होत्याच की.

चकली:
आता आंग्रे येणार 😀

अलिबागवाला:
येणारच. वेगळा धागा काढतो.

पावशेर:
लढाई सगळे सांगतात. त्याच वर्षी राजाने त्यांना कैदेत टाकलं, पद काढलं. सुटले तर भेटायला जहाजाने निघालेली आई वाटेतच गेली. पुढे धाकटा मुलगा म्यॉन इथे आसानलाच जपान्यांशी लढताना पडला. त्याची कबर आवारातच आहे. बरेच जण तिथवर जातच नाहीत.

रानवारा:
@पावशेर हो, आम्हीही पाहुण्यांना तळ्यातले मासे दाखवून परत आणायचो. 🙁

झोपाळू:
संग्रहालयातल्या तलवारी जवळजवळ दोन मीटर लांब. बायको म्हणे, तुला साधी सुरी धड धरता येत नाही, काय बघतोयस एवढं!

मीठभाकर:
आसानचाच शिनजॉन्ग तलाव कुणीच कसा नाही लिहिला? शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, आता भोवती सपाट पायवाट, उन्हाळ्यात कमळं. सासूबाई निम्म्या वाटेत बाकावर बसल्या आणि शेजारच्या कोरियन आजींशी मराठीतून गप्पा. त्या कोरियनमधून. अर्धा तास!! नंतर ओन्यांग स्टेशनापाशी गरम पाण्यात पाय बुडवून बसलो, फुकट.

नवखी:
मार्चमध्ये जातेय. शाकाहारी काय मिळेल?

चकली:
बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात. मांस नको, अंडं नको, हे आधीच बजावायचं. किमचीत (आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात) बहुधा मासळी असते, ती विचारून घे.

मीठभाकर:
मेतकूट ने गं.