ई४६ ३३०सीआय: मागचं सस्पेन्शन घरीच बदलायचं आहे, काय काय आणि कोणत्या क्रमाने?

लीड्सकर
गाडी बीएमडब्ल्यू ३ सिरीज (ई४६ पिढी) ३३०सीआय, २००३ ची, एम स्पोर्ट सस्पेन्शन. इंग्लंडमधली गाडी, त्यामुळे दर हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खाल्लेलं आहे. यंदाच्या एमओटीत (इंग्लंडमधली वार्षिक गाडीतपासणी) मागच्या दोन्ही ट्रेलिंग आर्मची (चाकाला पुढून गाडीच्या तळाशी जोडणारा आर्म) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी गादी, झिजल्याचा शेरा आला.

लक्षणं अशी: मोटरवेवर जोराचा वारा असला की मागची बाजू आपल्या मनाने थोडी वळते. लांब वळणात ॲक्सिलरेटर सोडला की तेच, जास्त ठळक. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला झिजलेत. शिवाय लहान खड्ड्यांवर डिकीच्या बाजूने कोरडी टकटक येते.

घरी ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क पाना आणि बऱ्यापैकी सॉकेट सेट आहे. प्रेस नाही. बुश पॉलियुरेथेनची घ्यावीत का रबराची? आणि एकदा हात घातलाच आहे तर आणखी काय बदलून टाकावं?

गॅरेज_दादा
वळणातलं भटकणं आणि टायरची आतली झीज ट्रेलिंग आर्मच्या बुशमुळे. रबर सैल झालं की ब्रेक मारताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना आर्मचं पुढचं टोक आडवं सरकतं आणि चाकाचा टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) बदलतो. टकटक मात्र बहुतेक शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटची, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणाऱ्या बैठकीची, आहे. डिकीचं बाजूचं अस्तर सोडवा, कुणाला तरी गाडीचा मागचा कोपरा दाबायला सांगा आणि माउंटच्या दोन नटांवर बोट ठेवा. माउंट मेलं असेल तर बोटाला ठोका लागतो.

सामान: ट्रेलिंग आर्म बुश २, शॉक २, वरची माउंट २ आणि त्यांचे कागदी गॅस्केट (ते विसरलात तर डिकीत पाणी येईल), बंप स्टॉप आणि धूळटोप्या, स्प्रिंगचे वरचे-खालचे रबरी पॅड, अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) लिंक २, सगळे सेल्फ-लॉकिंग नट नवे. वरच्या माउंटवर कन्व्हर्टिबल मॉडेलची रीइन्फोर्समेंट प्लेट घाला. स्वस्त आहे आणि पत्र्यावरचा भार पसरवते. स्प्रिंग बाहेर काढल्यावर खालच्या शेवटच्या वेढ्याचा रंग खरवडून बघा. मिठाने स्प्रिंग तिथेच तुटतात. गंजाने खड्डे पडले असतील तर जोडीने बदला.

स्प्रिंग पॅड वेगवेगळ्या जाडीत मिळतात, म्हणून जुन्याची जाडी मोजूनच मागवा.

सह्याद्री_६
वरच्या यादीच्याही आधी एक काम. सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) चारही माउंटभोवतीचा पत्रा तपासा. ई४६ मध्ये मागची जमीन तिथे तडकते, हे या मॉडेलचं जगजाहीर दुखणं आहे. अंडरसील वायरब्रशने साफ करा, उजेड तिरका पाडा, आणि माउंटच्या कडेने, विशेषतः पुढच्या दोन माउंटजवळ, केसाएवढी रेघ किंवा स्पॉट वेल्ड सुटलेला दिसतो का बघा. रेघ दिसली तर बुशचे पैसे खर्च करू नका. आधी प्लेटा वेल्ड करून घ्या. त्या कामाला सबफ्रेम खाली येते आणि इंधन टाकीही काढावी लागते, तेव्हा ही बुश त्याच फेरीत होतील.

पॉलियुरेथेनबद्दल माझं मत ठाम आहे: इथे नको. ट्रेलिंग आर्म बिजागरीसारखा नुसता वर-खाली होत नाही. वरचा आणि खालचा असे दोन आडवे आर्म त्याला धरून ठेवतात, त्यामुळे चाक वर-खाली होताना पुढचं बुश फिरतं, शिवाय पिळलंही जातं. रबर तो पीळ सोसतं. घट्ट पॉलियुरेथेनला तो सोसत नाही, बुश अडकतं, सस्पेन्शन जड होतं, आणि ओढ ब्रॅकेटवर (बुशला गाडीच्या तळाशी धरणारा तुकडा) जाते. रबराचं नवं बुश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लिमिटर चकत्या, एवढं पुरतं. चकती बुशला आडवं सरकू देत नाही, पण पीळ राहू देते. गाडी फक्त ट्रॅकवर जाणार असेल तर गोलाकार बेअरिंगचा जोड घ्यावा, रस्त्यावर त्याचा खडखडाट नको होतो.

गॅरेज_दादा
वरच्याशी सहमत. आता काम.

गाडी जमिनीवर असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. हा आकडा पुढे सगळीकडे लागतो. मग स्टँड जॅकिंग पॉइंटखाली, चाकं बाहेर.

बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. ब्लोटॉर्च इथे अजिबात नको. बुशच्या ब्रॅकेटला लागूनच इंधन टाकी आहे आणि ब्रेकचा पाइपही तिथूनच जातो.

ब्रॅकेट गाडीच्या तळाला तीन बोल्टनी बसतो, १८ चा सॉकेट. त्याची भोकं लांबट आहेत, कारण मागच्या चाकाचा टो याच ब्रॅकेटच्या सरकण्याने ठरतो. सोडवण्याआधी ब्रॅकेटच्या कडेने पत्र्यावर रंगाच्या पेनने पूर्ण बाह्यरेषा काढा. परत त्याच रेषेत बसवलात तर अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ चालवता येईल.

अँटी-रोल बारची लिंक सोडा, आर्मखाली जॅक लावा, शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि आर्म हळूहळू खाली घ्या. स्प्रिंग हाताने निघते, कॉम्प्रेसर लागत नाही. त्याआधी हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप यांच्या क्लिपा मोकळ्या करा. ब्रेकचा लोखंडी पाइप गंजलेला असेल तर आर्म खाली जाताना तो वाकून फुटतो. इंग्लंडमधल्या गाडीत या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच. पाइपला खपल्या धरलेल्या दिसल्या तर नव्या पाइपची सोय आधी करून ठेवा. आर्म ड्राइव्ह शाफ्टच्या आधाराने लोंबकळत ठेवू नका, सीव्ही जॉइंटला (शाफ्टच्या सांध्याला) त्रास होतो.

बुश काढायला प्रेस लागत नाही. त्याच्यासाठी कप आणि आटे असलेल्या जाड रॉडचा पुलर मिळतो. गाडीवरच काम होतं. जुनं बुश काढण्याआधी दोन गोष्टी आर्मवर कोरून ठेवा: रबरातल्या पोकळ्या कुठल्या दिशेला आहेत आणि बुश किती आत बसलंय. बाहेरची कडी अडकली तर करवतीने कापताना आर्मच्या आतल्या पृष्ठभागाला चर पडू देऊ नका. नवं बुश बसवण्याआधी भोक सँडपेपरने चकचकीत करा, साबणाचं पाणी लावा आणि सरळ ओढा. ग्रीस नको, रबर फुगतं. सुरुवातीलाच तिरकं गेलं तर लगेच थांबून बाहेर काढा, जोर वाढवू नका.

लीड्सकर
खूप उपयोगी, आभार. ब्रेकचा पाइप उद्याच बघतो. एकच अडलंय. रबराची बुश गाडी जमिनीवर असताना घट्ट करावीत असं सगळीकडे वाचलं. पण ब्रॅकेट वर बसल्यावर बुशच्या बोल्टला पाना लागेल असं दिसत नाही.

सह्याद्री_६
बरोबर ओळखलंत, लागतच नाही. ब्रॅकेट गाडीच्या तळाच्या खोबणीत जातो, म्हणून बुशचा बोल्ट ब्रॅकेट खाली असतानाच ११० न्यूटन मीटरला घट्ट करावा लागतो. त्या क्षणी ब्रॅकेट आणि आर्म यांच्यातला कोन जो असेल, तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. कोन चुकला तर गाडी उभी असतानाही रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं बुश फार लवकर फाटतं. बुश खराब निघालं अशी तक्रार ऐकू येते, तिथे बऱ्याचदा खरं कारण हेच असतं.

कोन असा काढा. काहीही सोडवण्याआधी, चाक काढलेलं असताना, आर्मखाली जॅक लावून हब इतका वर घ्या की त्याच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर जमिनीवर मोजलेल्या आकड्याइतकं होईल. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, यावर नजर ठेवा. मग चुंबकाचा डिजिटल कोनमापक ब्रॅकेटच्या सपाट भागावर ठेवून आकडा घ्या, नंतर आर्मवर एक खुणेची जागा ठरवून तिथला घ्या. दोन्हीतला फरक लिहून ठेवा. नवं बुश बसल्यावर ब्रॅकेट हाताने फिरवून तोच फरक आणा आणि घट्ट करा. डावं-उजवं वेगळं मोजा. जुनं ब्रॅकेट सुटल्यावर ज्या कोनात लोंबतं त्याची खूण करूनही चालतं, पण बुश फाटलेलं असेल तर त्या खुणेवर भरवसा नको.

बाकीचे आकडे: ब्रॅकेटचे तीन बोल्ट ७७, शॉकचा खालचा बोल्ट १००, वरच्या माउंटचे नट २४, चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर. माउंटचे नट छोटे आहेत, तिथे इम्पॅक्ट गन लावली की स्टड तुटतो.

कोथरूड_टू_कॉव्हेंट्री
खालच्या आर्मच्या आतल्या टोकाचा विक्षिप्त (एक्सेंट्रिक, मध्य बाजूला सरकलेला) बोल्ट गरज नसेल तर हलवू नका. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) त्याच्यावर ठरतो आणि मिठाच्या रस्त्यांवर तो बुशच्या नळीत हमखास जाम होतो, मग कापण्याशिवाय गत्यंतर नाही. हलवावाच लागला तर चकतीची खूण करा आणि गाडीच्या वजनावर घट्ट करा. त्याच आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट पहारीने हलवून बघा, सैल असेल तर नव्या बुशनंतरही मागची बाजू भटकत राहील.

अलाइनमेंट चारही चाकांची, आणि दुकानात सांगा की एम स्पोर्टची मापं घ्या, साध्या सस्पेन्शनची नकोत. बीएमडब्ल्यूची मोजणी भरलेल्या गाडीवर असते: पुढच्या दोन सीटवर ६८-६८ किलो, मागे मधोमध ६८, डिकीत २१, टाकी पूर्ण भरलेली. वाळूच्या पिशव्या तुम्हीच घेऊन जा, बहुतेक दुकानांत त्या नसतात. मागचा टो ठरवायला ब्रॅकेटचे तीन बोल्ट सैल करावे लागतात. तेव्हा ते परत ७७ ला टॉर्क पान्यानेच घट्ट होतात का, ते शेजारी उभं राहून बघा.