मदत हवी आहे: आमवाताचा आधारगट हजारोंचा झाला, लक्ष ठेवायला आम्ही दोघीच

नमस्कार मंडळी,

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असलेल्यांचा ऑनलाइन आधारगट मी आणि दोन मैत्रिणींनी सहा वर्षांपूर्वी सुरू केला. तेव्हा चाळीसेक जण होतो. आज व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ग्रुप भरलेत (एकात १०२४ पेक्षा जास्त माणसं मावत नाहीत) आणि चौथा उघडायचा धीर होत नाहीये. मोठे गट सांभाळलेल्यांचा सल्ला हवा आहे.

गेल्या महिन्यात एका ताईंनी रात्री साडेअकराला विचारलं, "ती छोटी पिवळी गोळी रोजच घ्यायची ना?" त्या मेथोट्रेक्सेटबद्दल विचारत होत्या. आमवातात ती आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. ही चूक इतक्यांदा होते की युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये ती टाळण्यासाठी खास उपाय सुचवले होते. पण एकीने लगेच लिहिलं, "हो, मी रोजच घेते." तिच्या मनात होतं फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटसोबत देतात ते जीवनसत्त्व. त्याची गोळीही बऱ्याचदा पिवळी, छोटीच असते. उत्तराला चार अंगठेही आले. पहाटे पाचला सांधे आखडून मला जाग आली, फोन हातात घेतला आणि ते वाचलं. तडक फोन लावला. ताई नाश्ता झाल्यावर गोळी घेणार होत्या.

त्यानंतर आम्ही नियम केला: डोस विचारायचा नाही, सांगायचाही नाही. झालं उलटंच. लोक एकमेकांना खाजगीत विचारू लागले. ग्रुपवर चुकीचं उत्तर आलं तर निदान कुणाच्या नजरेला पडतं, खाजगीत ते दुरुस्त कोण करणार? म्हणून माझ्या मते बंदी हा उपाय नाही. एक संधिवाततज्ज्ञ महिन्यातून तासभर शंका ऐकतात, पण न तपासलेल्या रुग्णाचा डोस ते सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी अडचण व्हॉइस मेसेजची. बोटं सुजलेली असली की टाइप करवत नाही, म्हणून बरेच जण बोलूनच पाठवतात. ते शोधता येत नाहीत, एकेक ऐकावा लागतो. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात, नंबरही लपवता येतो, पण गप्पांच्या ओघात जुनी चांगली उत्तरं तिथेही वाहून जातात. डिस्कोर्ससारख्या मुक्तस्रोत मंचावर विषयवार धागे राहतात, नव्या सदस्याचं लिखाण मंजुरीसाठी थांबवता येतं. मला तो आवडलाय. पण साठी ओलांडलेले सदस्य तिथे येतील का?

आणि माणसं. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ९०-९-१ चा ठोकताळा (शंभरात नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एकच सतत लिहितो) आमच्याकडे अगदी दिसतो: वाचणारे अमाप, उत्तरं देणारे तेच पाच-सहा. त्यातली माझी एक मैत्रीण मार्चमध्ये थांबली. तिचाच आजार उसळला होता, तरी ती रात्री दोनला कुणाला तरी समजावत होती, "स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका." तिला आधीच सक्तीने सुट्टी द्यायला हवी होती, याची मला फार खंत आहे.

तर, रात्रीची पाळी तुम्ही कशी लावता? मॉडरेटरची मुदत ठरवून पाळीपाळीने माणसं बदलणं जमतं का, की घडी विसकटते? औषधाचं नाव असलेलं उत्तर दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय दिसू न देणं व्यवहारात जमलंय का कुणाला? व्हॉट्सअ‍ॅपवरून मंचावर माणसं नेली असतील तर आधी कुणाला नेलंत?

नव्या सदस्यांची यादी थांबवून ठेवली आहे. त्यात नुकतंच निदान झालेलेही आहेत, म्हणून रविवारपर्यंत काहीतरी ठरवायचं आहे.