टायरमध्ये नायट्रोजन भरताय का? माझ्या मते पैसे वाया

मुलुंडकर: काल भांडुपला पंपावर हवा चेक करायला थांबलो तर तिथला पोरगा मागेच लागला, साहेब नायट्रोजन भरून घ्या, टायर गरम होत नाही, फुटत नाही, चार टायरचे 200 रुपये. मी नाही म्हटलं. अहो साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, बाजूला फुकट हवा मिळत असताना उरलेल्यासाठी 200 कशाला मोजायचे?

घाटवाला: मी तीन वर्षं नायट्रोजनच भरतो आणि पुढेही भरणार. ऑक्सिजन रबरातून लवकर झिरपतो, नायट्रोजन हळू. आधी दर पंधरा दिवसांनी तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरायचे, आता महिना झाला तरी एखादाच. दर शनिवारी पुण्याला जातो, एक्स्प्रेसवेवर बायकापोरं गाडीत असतात, तिथे मी 200 रुपयांकडे बघत नाही. विमानाच्या टायरमध्येसुद्धा नायट्रोजनच भरतात ना?

मुलुंडकर: दादा, विमान उतरताना ब्रेक भयंकर तापतात, तिथे टायरमधल्या ऑक्सिजनने आग लागायची भीती असते म्हणून भरतात. आपल्या गाडीचं तसं नाही. आणि टायर तापला की दाब दोन्हीचा सारखाच वाढतो, 10 डिग्रीला साधारण दीड पीएसआय. पंधरा दिवसांत तीन म्हणजे गळतीच होती. नायट्रोजन भरला तेव्हा व्हॉल्व्ह बदलले होते का?

घाटवाला: हो, चारी नवे टाकले होते त्याने.

मुलुंडकर: मग फरक त्यानेच पडला असणार!

सायनची ताई: मुलुंडकर, ओलाव्याचं बोललाच नाहीत तुम्ही. पावसाळ्यात आमच्या इथल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली आणि घरी येऊन व्हॉल्व्हची पिन दाबली तर अंगठा ओला झाला, कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी तो काढतच नाही. लोखंडी रिम असेल तर आतून गंजते. नायट्रोजन निदान कोरडा तरी असतो, मुंबईच्या दमट हवेत हे महत्त्वाचं आहे.

मुलुंडकर: हे मान्य ताई. पण मग रोज टाकीतलं पाणी काढणारा पंप शोधा, त्याला पैसे पडत नाहीत. माझा खरा राग वेगळाच आहे, हे लोक नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपणं लावतात आणि वर सांगतात साधी हवा मिक्स करू नका. माझा मेहुणा त्यामुळे 33 च्या जागी 24 पीएसआयवर पनवेलपासून लोणावळ्यापर्यंत गेला, नायट्रोजन कुठे मिळतो बघत! कमी हवेचा टायर बाजूने दबत राहतो, त्यानेच तापतो आणि फुटतो. मिक्स केल्याने काहीही होत नाही हो, जिथे दिसेल तिथे हवा भरा.

घाटवाला: मिक्सचं मला खरंच माहीत नव्हतं, मीही दोनदा तसाच गेलोय. आता दाब मोजायचा गेज घेऊन डिकीत ठेवतो. पण नायट्रोजन सोडणार नाही, तेवढं समाधान मला हवंय.