मदत हवी आहे (तातडीने): फ्रँकलिनची पत्रं छापायची परवानगी कोण देतं?

मधुरा_लिहितेय
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. दिवाळी अंकासाठी फ्रँकलिनची पत्रं मराठीत केली आहेत. अनुवाद झाला, टाइपही झाला. आता संपादक म्हणतात परवानगीचा कागद आणा, नाहीतर ती आठ पानं पाककृतींना देतो. प्रकाशकाला दोन मेल टाकल्या, उत्तर नाही. परवानगी नक्की देतं कोण? प्रकाशक, नातेवाईक की ग्रंथालय? शुक्रवारपर्यंत हवंय. कृपया "गुगल करा" म्हणू नका, केलंय.

शंकासुर
फ्रँकलिन म्हणजे पतंग उडवून वीज पकडणारा ना? तो जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली. बिनधास्त छापा.

मधुरा_लिहितेय
पतंगवाला नाही हो! माइल्स फ्रँकलिन, ऑस्ट्रेलियन.

गवतीचहा
मग तसं लिहायचं ना ताई. हे गृहस्थ कधी वारले त्यावर सगळं अवलंबून आहे.

मधुरा_लिहितेय
गृहस्थ नाहीत, बाई आहेत. स्टेला मारिया सारा माइल्स फ्रँकलिन. पुरुष वाटावं म्हणून माइल्स लावलं. सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसनने पहिली कादंबरी नाकारली, ती १९०१ला एडिनबराहून आली. आणि हेन्री लॉसनने प्रस्तावनेतच फोडून टाकलं की हे एका मुलीने लिहिलंय. लेखात सगळं आहे, इथे तोंडी परीक्षा नको. १९५४ला गेल्या. परवानगीचं बोला कुणीतरी.

निवृत्त_पोस्टमन
वा, पत्रं! जी.ए. आणि सुनीताबाईंची आठवण झाली. आमच्या वेळी दिवाळीच्या आठवड्यात दोन थैल्या भरून टपाल निघायचं. निळं अंतर्देशीय फोडताना एक कोपरा फाटायचाच, आणि नेमकी त्यावरच शेवटची ओळ असायची. आता कोण लिहितं?

शंकासुर
काका, धागा तो नाही.

कलम५२
धागाकर्तीने अर्धीच माहिती दिली आहे, तरी सांगतो. ऑस्ट्रेलियात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. हा नियम २००५ला आला, त्याआधी ५० होती. १९५५च्या आधी गेलेल्यांचं हयातीत छापलेलं साहित्य तेव्हा आधीच मुक्त झालं होतं आणि मुक्तच राहिलं. बाई १९ सप्टेंबर १९५४ला गेल्या, म्हणजे साडेतीन महिन्यांनी वाचल्या. प्रश्न मिटला.

पॅरामॅटाकर
मिटला नाही. ते छापलेल्या पुस्तकांचं. पत्रं न छापलेली असतात, आणि न छापलेल्या लिखाणावर इथे ऑस्ट्रेलियात कायमचा कॉपीराइट होता. कायमचा म्हणजे खरंच कायमचा. हेन्री लॉसन १९२२ला गेला, पण त्याचं एखादं न छापलेलं पत्र २०१८पर्यंत बंदच. याविरुद्ध २०१५मध्ये इथल्या ग्रंथालयवाल्यांनी गंमत केली होती. संग्रहातल्या हस्तलिखित पाककृती लोकांना करायला लावल्या आणि फोटो टाकायला सांगितलं. पणजीच्या वहीतला केकसुद्धा कॉपीराइटमध्ये! शेवटी कायदा बदलला, १ जानेवारी २०१९पासून न छापलेल्यालाही मृत्यूनंतर ७० वर्षंच. त्या हिशेबाने फ्रँकलिनची न छापलेली पत्रं १ जानेवारी २०२५ला सुटली.

गवतीचहा
म्हणजे संपादकाला आठ पानं पाककृती द्यायच्याच असतील तर या द्या :)

जाईजुई
पण पत्र ज्याला आलं त्याचंच ना? आमच्या आजोबांना एका नामवंत लेखकाची चाळीसेक पत्रं आली होती. आम्ही स्मरणिकेत छापायला घेतली तर त्या घरून वकिलाची नोटीस. आजोबांनी ट्रंकेत जपली, वाळवीपासून वाचवली, आणि हक्क यांचा?

कलम५२
कागद आजोबांचा, मजकूर लेखकाचा. ट्रंक कुणाची याला कायद्यात महत्त्व नाही.

जाईजुई
वाळवीला तरी आहे का?

खडीसाखर
पत्र कुणाचं यावरून आठवलं. ११ नोव्हेंबर १९७५ला ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी तिथलं व्हिटलम सरकार बरखास्त केलं. त्याआधी-नंतर ते राणीच्या सचिवाशी जो पत्रव्यवहार करत होते तो "वैयक्तिक" म्हणून अभिलेखागारात कुलपात होता. जेनी हॉकिंग या इतिहासकार बाई वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. २९ मे २०२०ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की ही सरकारी दप्तरंच आहेत. जुलैत २००हून जास्त पत्रं लोकांसाठी खुली झाली. तुम्हीही ग्रंथालयाला हा निकाल दाखवा.

पॅरामॅटाकर
तो खटला पत्रं बघायला मिळावीत म्हणून होता. इथे पत्रं बघून झाली आहेत, प्रश्न छापण्याचा आहे. हे म्हणजे रेशनकार्ड हरवलं तर पासपोर्टचा अर्ज भरा म्हटल्यासारखं झालं.

खडीसाखर
माहिती दिली तर एवढं लागायला काय झालं? पॅट्रिक व्हाइटचंही सांगणार होतो, आता नाही सांगत.

शंकासुर
सांगा हो.

खडीसाखर
नोबेलवाला. ज्याला त्याला "माझी पत्रं जाळा" म्हणून सांगायचा. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयालाही कळवलं की माझ्याकडे कागद उरलेच नाहीत. लोकांनी पत्रं जाळली नाहीत. डेव्हिड मार यांनी संपादित केलेला जाडजूड खंड १९९४ला आला. आणि २००६मध्ये त्याच्या एजंट बाईंनी ग्रंथालयाला तीसच्या वर खोकी दिली.

मधुरा_लिहितेय
मंडळी, शुक्रवार!! २०२५ला सुटली म्हणजे मला कागद लागत नाही ना? एवढंच सांगा, संपादकांना स्क्रीनशॉट पाठवते.

पॅरामॅटाकर
थांबा. अनुवाद कशावरून केलात? प्रकाशकाला मेल का टाकली?

मधुरा_लिहितेय
माझा मामेभाऊ सिडनीत असतो. त्याने मिचेल ग्रंथालयात बसून मोबाइलवर फोटो काढले, अकरा पत्रं. कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं दिसतात, आणि 'इ'चं पोट शाईने बुजलेलं. काहींवर सहीच नाही. तीन-चार पत्रं मला नीट लागेनात, म्हणून छापील संग्रहाशी ताडून घेतली. म्हणून त्या प्रकाशकाला मेल.

पॅरामॅटाकर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. सही नाही, पातळ कागद, म्हणजे कार्बन प्रती. बाई टाइप करून स्वतःच्या पत्राची प्रत ठेवायच्या, म्हणून दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार तिथे सापडतो. आता मुद्दा. जी पत्रं १९९०च्या दशकातल्या संग्रहात छापून झाली आहेत, त्यांना २०२५चा फायदा नाही. मरणोत्तर आणि २०१९च्या आत छापलेलं असेल तर छापल्यापासून ७० वर्षं. १९९३ला छापलं तर २०६३ संपेपर्यंत. जे कुणी छापलंच नाही ते मोकळं, जे छापलं ते बंद.

शंकासुर
उलटंच की हो! खोक्यात धूळ खात पडलेलं फुकट आणि दुकानात मिळतं ते बंद?

पॅरामॅटाकर
हो, असंच आहे. तेव्हा अकरांपैकी संग्रहात आलेली बाजूला काढा. त्यांची परवानगी बाईंच्या मिळकतीच्या विश्वस्तांकडे मागायची. बाईंनी मृत्युपत्रात पुरस्कार ठेवला होता, १९५७ला पहिला व्हाइटलाच मिळाला.

कलम५२
आपल्याकडे छापायचं तर भारतीय कायदा लागतो. मात्र परदेशी साहित्याला इथे मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. आणि समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत करायला कलम ५२(१)(अ) आहेच. पूर्ण पत्राला नाही, तेही अनुवादात नाही. अनुवादाचा हक्कही प्रताधिकारातच येतो.

गवतीचहा
मधुराताई, एक बाळबोध शंका. अकराही पत्रं फ्रँकलिननेच लिहिलेली आहेत का?

मधुरा_लिहितेय
फ्रँकलिनच्याच खोक्यातली आहेत ना सगळी.

पॅरामॅटाकर
अरे देवा. खोकं तिचं, पण तिला आलेली पत्रंही त्यातच असतात. ज्यांवर सही आहे ती कुणाची?

मधुरा_लिहितेय
बघून सांगते.

(पाऊण तासाने)

हाताने लिहिलेली चार आहेत. तीन कॅथरिन सुझॅना प्रिचर्डची, एक डिम्फ्ना क्युझॅकची, दोघीही तिथल्याच लेखिका. मी वर "फ्रँकलिनचं पत्र" असंच शीर्षक टाकलं होतं. अनुवाद करताना बाई मधेच कम्युनिस्ट पक्षाची बाजू का घेतात कळेना, मला वाटलं मूड असेल.

खडीसाखर
प्रिचर्डबाई १९२०ला पक्षाच्या स्थापनेत होत्या. मूड कसला.

पॅरामॅटाकर
प्रिचर्ड १९६९ला गेल्या, म्हणजे २०३९च्या अखेरीपर्यंत बंद. क्युझॅक १९८१, म्हणजे २०५१. ही चार काढा.

निवृत्त_पोस्टमन
पाठवणाऱ्याचं नाव पाकिटाच्या मागे असतं. आधी ते बघायचं असतं.

मधुरा_लिहितेय
पाकिटं नाहीत काका. असो. उरली सात, त्यातली तीन संग्रहात सापडली. मग चारच? आठ पानं कशी भरू?

जाईजुई
ही सगळी गोष्टच लिहा की, हे खोक्याचं आणि मूडचं. पत्रं चार, बाकी तुम्ही.

मधुरा_लिहितेय
संपादकांना विचारते. एक राहिलं, प्रिचर्डच्या एका पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. ते फ्रँकलिनने लिहिलं असेल तर तेवढं तरी छापता येईल ना?

पॅरामॅटाकर
काय लिहिलंय?

मधुरा_लिहितेय
२१७.

पॅरामॅटाकर
तो ग्रंथालयाने घातलेला पान नंबर आहे.