लेगसीतला स्टॉर्म डेक शिकताना हिशेब बारावरच अडतो

प्रश्न (कोथरूड):
नमस्कार. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात आजवर मी क्रीचर उतरवून हल्ला करणारे डेकच खेळलो, दोन महिन्यांपासून लेगसीतला (जुनी पानेही चालणाऱ्या खेळप्रकारातला) स्टॉर्म डेक शिकतो आहे, म्हणजे त्या टर्नला आधी जितके स्पेल (पाने) खेळले तितक्या प्रती शेवटच्या पानाच्या होतात. शनिवारी मित्राच्या घरी सुरुवातीलाच एक स्वॉम्प (दर टर्नला एक काळा मॅना, म्हणजे पाने खेळायची शक्ती, देणारी जमीन), दोन डार्क रिच्युअल (एका काळ्या मॅनाचे तीन करतात), दोन लायन्स आय डायमंड (फुकट उतरतात, मोडले की सगळा हात टाकून एकाच रंगाचे तीन मॅना देतात), एक इन्फर्नल ट्यूटर (हात रिकामा असेल तर डेकमधले हवे ते पान आणतो) आणि एक ड्युरेस (समोरच्याच्या हातातले एक पान टाकायला लावते) अशी सात पाने आली. पहिल्याच टर्नला ड्युरेस सोडून सगळे खेळलो आणि ट्यूटरने टेंड्रिल्स ऑफ ॲगनी (दर वेळी २ लाइफ घेणारे स्टॉर्मचे पान) आणले. पण त्याआधी पाचच स्पेल झाले असल्याने मूळ पान आणि पाच प्रती मिळून समोरच्याचे १२च लाइफ गेले. माझा हात रिकामा राहिला आणि पुढे मी हरलो. असा हात ठेवायलाच नको होता का?

उत्तर १ (सदाशिव पेठ):
हात उत्तम होता. चुकले ते ट्यूटरने आणलेले पान. स्वॉम्पच्या एका मॅनाचे दोन रिच्युअलनंतर ५ काळे मॅना होतात आणि ट्यूटरचे २ वजा जाता ३ उरतात. ट्यूटर टाकल्याबरोबर 'प्रायॉरिटी माझ्याकडेच आहे' (पुढची चालही माझीच) असे स्पष्ट म्हणून तेव्हाच दोन्ही डायमंड मोडा, एक लाल मॅनासाठी आणि एक काळ्यासाठी, म्हणजे हात रिकामा होऊन ट्यूटर हवे ते पान देईल आणि तुमच्याकडे ६ काळे, ३ लाल मॅना असतील. (समोरच्याने मान डोलावली की ट्यूटरचा परिणाम होऊन जातो, मग डायमंड मोडून उपयोग नाही, नव्या खेळाडूंचे निम्मे डाव इथेच जातात असे मी पाहत आलो आहे.) आता टेंड्रिल्सऐवजी पास्ट इन फ्लेम्स आणा. त्याचे ४ मॅना (३ लाल, १ काळा) देऊन ५ काळे उरतात आणि ग्रेव्हयार्डमधली (वापरलेल्या पानांच्या ढिगातली) दोन्ही रिच्युअल व ट्यूटर पुन्हा खेळता येतात: ५चे ७, ७चे ९, ट्यूटरनंतर परत ७. एव्हाना नऊ स्पेल झालेले असतात, म्हणून आता आणलेले टेंड्रिल्स दहा वेळा लागू होऊन बरोबर २०, म्हणजे समोरच्याचे सुरुवातीचे सगळे लाइफ घेते.

उत्तर २ (औंध):
हिशेब चोख आहे, पण समोरच्याकडे फोर्स ऑफ विल (स्पेल अडवणारे निळे पान) असेल तर तो टेंड्रिल्सची वाट पाहणार नाही, कारण मूळ टेंड्रिल्स अडवले तरी स्टॉर्मच्या प्रती तयार होतातच. तो ट्यूटर अडवेल, आणि तोवर डायमंडपायी तुमचा हात गेलेला असेल. निळा डेक समोर असताना मी पहिल्या टर्नला ड्युरेसच खेळलो असतो. दुसऱ्या टर्नला तोच स्वॉम्प पुन्हा वापरता येतो, त्यामुळे वरचा सगळा क्रम जसाच्या तसा चालतो. मात्र डायमंड फुकट आहेत म्हणून आदल्या टर्नला उतरवू नका. तेव्हा खेळलेले स्पेल दुसऱ्या टर्नच्या स्टॉर्ममध्ये धरले जात नाहीत आणि २०चे १६ होतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री हाच हात टेबलावर मांडून दहा वेळा खेळलो, काळ्या आणि लाल मॅनासाठी दोन रंगांचे फासे वेगळे ठेवून. पहिल्या चार वेळा दोन्ही डायमंड काळ्यासाठीच मोडले आणि पास्ट इन फ्लेम्सला लाल मॅना उरला नाही. पाचव्यांदा हिशेब २०वर आला.