सॉकेट (ॲप आणि सर्व्हरमधलं उघडं कनेक्शन) चालू दिसतंय पण मेसेज पोचतच नाही, काय करू?

डबा_ॲपवाला:
आमच्या मेसचे डबे पोचवणाऱ्या पोरांसाठी छोटं अँड्रॉइड ॲप केलंय, सर्व्हरला ईजॅबर्ड (एक्सएमपीपी पद्धतीचा चॅट सर्व्हर) आणि ॲपमध्ये स्मॅक (त्याच्याशी बोलणारी लायब्ररी). टेबलावर मस्त चालतं, मेसेज टाकला की टण् वाजतं, पण फोन खिशात टाकून पोरगं गाडीवर निघालं की थोड्या वेळात सगळं गप्प. सर्व्हरवर मात्र तो ऑनलाइनच, मेसेज गेला म्हणून दाखवतो. काल "तिसऱ्या मजल्यावरचा डबा आज नको" हा मेसेज पोचलाच नाही, तो डबा ठेवून आला, शिव्या मला. पिंग (मधूनमधून 'आहेस का' विचारणं) तीस सेकंदांवर आणला तर आता बॅटरी दुपारीच संपते म्हणून ओरड. कनेक्शन कायम जिवंत ठेवायचं तरी कसं?

रात्रपाळी:
टेबलावर फोन केबलला लावलेला असतो ना? तिथंच फसतोयस. चार्जिंगवर डोझ, म्हणजे अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी झोप, लागतच नाही. अँड्रॉइड ६ मध्ये फोन एका जागी पडून असेल तरच डोझ लागायचा, ७ पासून खिशात हलत असला तरी स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने नेट आवळतो. केबल न काढता बघायचं तर कॉम्प्युटरवरून एडीबीने (फोनला आज्ञा द्यायचं साधन) आधी 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग', मग 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल' मार. नंतर 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी रिसेट' मारायला विसरू नको, मी विसरलेलो आणि चार्जर बिघडला समजून नवीन घेऊन आलो 😅

जुना_सर्व्हरवाला:
डोझ आहेच, पण मेसेज हरवतोय ते वेगळं दुखणं. मोबाईल कंपनीच्या नॅटमध्ये (अनेक फोन एकाच पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) तुझ्या सॉकेटची नोंद असते, काही वेळ काही गेलं-आलं नाही की ती पुसली जाते आणि कुणी कुणाला सांगत नाही. मेसचं वायफाय सुटून फोरजी लागलं की आयपीच बदलतो, तिथंही तेच. सर्व्हर बिचारा मेलेल्या सॉकेटात मेसेज ओतत बसतो. लिनक्सच्या कीपअलाइव्हवर (सॉकेट जिवंत आहे का ते तपासणारी सोय) विसंबशील तर ते डीफॉल्टला ७२०० सेकंदांनी जागं होतं, तोवर गिऱ्हाइकाची वामकुक्षी पण आटपलेली असते. स्ट्रीम मॅनेजमेंट, म्हणजे एक्सएमपीपीचं एक्सईपी-०१९८ हे जोड-मानक, दोन्हीकडे चालू कर, त्यात पोच मोजली जाते. आणि ईजॅबर्डमध्ये 'रीसेंड ऑन टाइमआउट' (पोच न आलेले मेसेज परत पाठवणं) बघ, डीफॉल्टला बंद असतं ते.

खटपट्या:
फोरग्राउंड सर्व्हिस (मागे उघडपणे चालू राहणारं काम) टाक की राव, नोटिफिकेशन वर दिसेल पण ॲप मरणार नाही. माझं चालतंय.

रात्रपाळी:
@खटपट्या तुझ्या फोनवर चालतंय. काही कंपन्यांचे फोन तीही मारतात. सॉकेट जिवंत ठेवायचा नादच सोड, मरू दे त्याला, एफसीएमने (गूगलची पुश-मेसेज सेवा) फक्त दार वाजव. त्याचं कनेक्शन गूगल प्ले सर्व्हिसेस सगळ्या ॲप्ससाठी मिळून एकच धरून ठेवते, म्हणून बॅटरीला परवडतं. हाय प्रायॉरिटीने नुसतं 'ऊठ' म्हणायचं, मजकूर सॉकेट जोडून आणायचा. पण प्रत्येक वेळी नोटिफिकेशन दिसलं पाहिजे, नाहीतर गूगल प्रायॉरिटी उतरवतं.

डबा_ॲपवाला:
रीसेंड खरंच बंद होतं 🤦 चालू केलं, पिंग परत पाच मिनिटांवर. आज एकही मेसेज हरवला नाही, एक बावीस मिनिटं उशिरा आला पण आला. एफसीएम रविवारी जोडतो. एका पोराच्या फोनवर मात्र ॲप रीसेंट्समधून (अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून) सरकवलं की ऑटोस्टार्टच (आपोआप परत सुरू होणं) बंद होतं, आणि तो दर पाच मिनिटांनी सरकवतो, फोन हलका राहतो म्हणे. त्याला कसं आवरू ते सांगा आता.